विळिंजम : मच्छीमारांचे गाव, नैसर्गिक नौकाश्रय आणि विकासाचा प्रश्न

भारताला लाभलेला विस्तीर्ण समुद्रकिनारा हा देशाच्या आर्थिक विकासाचा एक महत्त्वाचा आधार आहे. अनेक वर्षे पाठ्यपुस्तकांतून या किनाऱ्याची लांबी ७,५१६.६ किलोमीटर अशी दिली जात असे. किनाऱ्याची वळणे, खाड्या व बेटे अधिक सूक्ष्म प्रमाणावर मोजल्यानंतर आता ती ११,०९८.८१ किलोमीटर अशी सुधारित करण्यात आली आहे. मात्र किनारा म्हणजे नकाशावरील रेषा नव्हे. त्या रेषेवर हजारो मच्छीमार वस्त्या आहेत आणि त्यांच्यापैकी काहींना निसर्गाने सुरक्षित पाण्याची किंवा खोल पाण्याची देणगी दिली आहे. अशा ठिकाणी मासेमारी, व्यापार, पर्यावरण आणि सार्वजनिक धोरण यांचे प्रश्न एकमेकांत गुंतलेले आढळतात. केरळच्या दक्षिण टोकाकडील विळिंजम (वृत्तपत्रांतून बहुधा 'विझिंजम' असे लिहिले जाणारे) हे गाव त्याचे बोलके उदाहरण होय. स्पर्धा परीक्षांच्या दृष्टीने भूगोल, अर्थव्यवस्था, राज्यघटना व पर्यावरण या चारही विषयांशी या गावाचा संबंध येतो. प्रस्तुत लेखात या गावाचा क्रमाने परामर्श घेतला आहे.

नौकाश्रय आणि बंदर : संकल्पना

मराठीत 'बंदर' हा एकच शब्द आपण दोन अर्थांनी वापरतो. अभ्यासकाने मात्र त्यांतील भेद लक्षात ठेवला पाहिजे. वारा व लाटा यांपासून जहाजांना आसरा देणारा पाण्याचा भाग म्हणजे नौकाश्रय. माल व प्रवासी यांची चढउतार करण्यासाठी धक्के, गोदामे, यारी, रस्ते, जकात व्यवस्था इत्यादी सोयी जेथे उभारल्या जातात ते बंदर. नौकाश्रय निसर्गनिर्मित असू शकते. बंदर मात्र मनुष्यच उभारतो.

नैसर्गिक नौकाश्रयासाठी तीन गोष्टी आवश्यक असतात : आसरा, पुरेशी खोली आणि निर्धोक प्रवेशमार्ग. मुंबईच्या नौकाश्रयाला बेटांचा व मुख्य भूमीचा आसरा आहे. कोचीला खाजणाच्या मुखाचा आसरा लाभला आहे, तर विशाखापट्टणमला 'डॉल्फिन्स नोज' या टेकडीने समुद्रापासून संरक्षण दिले आहे. याउलट चेन्नईचे बंदर उघड्या किनाऱ्यावर भिंती बांधून निर्माण केलेले कृत्रिम बंदर होय.

या तीन गोष्टी नेहमी एकत्र आढळत नाहीत. काही ठिकाणी आसरा असतो पण खोली नसते. काही ठिकाणी खोली असते पण आसरा अपुरा असतो. शिवाय लहान होडीची गरज आणि महाकाय जहाजाची गरज एक नसते. होडीला दोन मीटर पाणी पुरते, परंतु लाट नको असते. मोठ्या कंटेनर जहाजाला सोळा मीटरहून अधिक खोल पाणी लागते. विळिंजमची सारी कहाणी या भेदात सामावलेली आहे.

भौगोलिक रचना

विळिंजम हे तिरुवनंतपुरम शहराच्या दक्षिणेस सुमारे १६ किलोमीटरवर असून कोवलमच्या प्रसिद्ध पुळणीला लागूनच आहे. राजधानीच्या इतके निकट असूनही आधुनिक व्यापाराच्या दृष्टीने ते दीर्घकाळ दुर्लक्षित राहिले. रेल्वे व मोठे व्यापारी मार्ग येथपर्यंत पोहोचले नव्हते आणि गावाचा सारा व्यवहार समुद्राकडे तोंड करून चालत असे.

केरळचा बहुतांश किनारा सखल व वाळूचा आहे. विळिंजमजवळ मात्र प्राचीन कठीण खडकांची भूशिरे थेट समुद्रात शिरतात. या खडकांच्या कुशीत एक छोटा उपसागर तयार झाला असून त्यात होड्यांना वाऱ्यापासून आडोसा मिळतो. या भागात भूखंडमंच अरुंद असल्याने किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर पाण्याची खोली १८ ते २० मीटर होते. मोठी गाळवाहू नदी येथे समुद्रास मिळत नाही. उत्तरेस करमना व दक्षिणेस नेय्यार या नद्यांची मुखे काही अंतरावर आहेत. त्यामुळे गाळ साचण्याचे प्रमाण कमी असून वारंवार गाळ उपसण्याची फारशी आवश्यकता भासत नाही. भरती-ओहोटीतील फरकही साधारणपणे एक मीटरपेक्षा कमीच असतो. साहजिकच जहाजाला भरतीची वाट पाहत थांबावे लागत नाही.

तिसरी अनुकूलता स्थानाची. सुएझ कालव्याकडून मलाक्का सामुद्रधुनीकडे जाणारा आंतरराष्ट्रीय जलमार्ग विळिंजमपासून अवघ्या १० सागरी मैलांवरून, म्हणजे सुमारे १८.५ किलोमीटरवरून जातो (१ सागरी मैल = १.८५२ किलोमीटर).

ऐतिहासिक पार्श्वभूमी

विळिंजमचे महत्त्व आजचे नाही. इसवी सनाच्या आठव्या ते दहाव्या शतकांत हे आय राजघराण्याचे प्रमुख केंद्र व बंदर होते. आठव्या शतकातील एक छोटे खडकात खोदलेले देवालय आजही गावात पाहावयास मिळते. पांड्य, चेर व चोळ या तिन्ही सत्तांना या ठिकाणाचे आकर्षण होते. चोळ सम्राट पहिला राजराज याच्या काळात ते चोळांच्या ताब्यात गेले. चोळांच्या ताम्रपटात समुद्र हाच ज्याचा खंदक आहे असे स्थान म्हणून विळिंजमचे वर्णन आले आहे. पुढे सतराव्या शतकात इंग्रज ईस्ट इंडिया कंपनीनेही येथे वखार घातली होती.

जहाजे मोठी होत गेली, व्यापाराची केंद्रे कोची व अन्य बंदरांकडे सरकली आणि विळिंजम पुन्हा मच्छीमारांचे गाव म्हणून उरले. त्रावणकोर संस्थानाच्या अखेरच्या काळात, दिवाण सर सी. पी. रामस्वामी अय्यर यांच्या कारकिर्दीत, येथे मोठे बंदर उभारण्याचा विचार पुढे आला होता. तो प्रत्यक्षात येण्यास मात्र पाऊण शतक जावे लागले.

मच्छीमार समाज आणि त्याचे ज्ञान

विळिंजम व परिसरातील वस्त्यांत लॅटिन कॅथलिक व मुस्लिम मच्छीमार मोठ्या संख्येने राहतात. त्यांचे पारंपरिक साधन म्हणजे 'कट्टुमरम'. 'कट्टु' म्हणजे बांधणे आणि 'मरम' म्हणजे लाकूड. हलक्या लाकडाचे ओंडके दोरीने एकत्र बांधून केलेला हा तराफा लाटांच्या फुटत्या पट्ट्यातूनही सुखरूप बाहेर पडतो. लाट वरून गेली तरी पाणी ओंडक्यांच्या फटींतून निघून जाते व तराफा बुडत नाही. इंग्रजीतील 'कॅटामरान' हा शब्द याच शब्दापासून आला आहे.

किनाऱ्यावरून ओढावयाचे मोठे जाळे हे येथील दुसरे सामूहिक साधन. आपल्या कोकणात ज्याला रापण म्हणतात त्याच प्रकारची ही मासेमारी होय. अनेक कुटुंबे एकत्र येऊन जाळे ओढतात व मिळालेल्या मासळीचे ठरलेले वाटे करतात. याशिवाय गळाची मासेमारी हे या भागाचे खास कौशल्य आहे. समुद्राच्या तळाशी असलेल्या खडकांवर मासे एकत्र येतात. हे खडक डोळ्यांना दिसत नाहीत. किनाऱ्यावरील डोंगर, चर्चचा मनोरा, मशिदीचा मिनार, उंच झाड अशा खुणा एकमेकींच्या रेषेत आणून अनुभवी मच्छीमार त्यांची जागा निश्चित करीत असे. दोन रेषा जेथे छेदतील तेथे खडक, हे भूमितीचे तत्त्व त्याला शाळेबाहेरच अवगत झालेले होते. बांगडा, तारली, सुरमई, कुपा, म्हाकूळ ही येथील महत्त्वाची मासळी. खडकांना चिकटून वाढणारे तपकिरी शिंपले बुडी मारून काढणे हाही येथील अनेक कुटुंबांचा व्यवसाय आहे.

मासळी विकण्याचे काम बहुतांशी स्त्रिया करतात. पहाटे किनाऱ्यावरील लिलावात मासळी घेऊन डोक्यावरील टोपलीतून ती शहराच्या बाजारात व घरोघर नेली जाते. एके काळी या स्त्रियांना टोपल्यांसह सार्वजनिक बसमध्ये प्रवेश मिळत नसे. संघटित प्रयत्नांनंतर त्यांच्यासाठी स्वतंत्र बसची सोय झाली. मत्स्यव्यवसायाचा विचार करताना होडीइतकेच या टोपलीचेही स्थान लक्षात घ्यावयास हवे.

यांत्रिकीकरण आणि पावसाळी मासेमारी

केरळच्या मत्स्यव्यवसायाला आधुनिक वळण देणारा भारत-नॉर्वे प्रकल्प १९५३ मध्ये कोल्लमजवळील नींदकरा येथे सुरू झाला. त्यातून यांत्रिक बोटी व पुढे कोळंबीच्या निर्यातीसाठी ट्रॉलर आले. पारंपरिक मच्छीमार व ट्रॉलर यांच्यातील संघर्ष त्यानंतर तीव्र झाला. त्याची परिणती केरळ सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८० मध्ये आणि १९८८ पासून पावसाळ्यातील ट्रॉलरबंदीत झाली. सध्या केरळमध्ये ही बंदी ९ जूनच्या मध्यरात्रीपासून ३१ जुलैपर्यंत ५२ दिवस असते. पारंपरिक नौकांना ती लागू नसते.

या तरतुदीचा विळिंजमशी निकटचा संबंध आहे. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात केरळ किनाऱ्यालगत खोलातील थंड व पोषकद्रव्यांनी युक्त पाणी वर येते. त्यामुळे प्लवकांची वाढ होऊन मासळी मुबलक मिळते. परंतु याच काळात समुद्र सर्वाधिक खवळलेला असतो. उघड्या पुळणीवरून होडी लोटणे व परत आणणे जिवावर बेतते. अशा वेळी शेजारच्या अनेक गावांतील मच्छीमार आपल्या होड्या घेऊन विळिंजमला येतात आणि पावसाळाभर तेथूनच मासेमारी करतात. १९६० च्या दशकात येथे मासेमारी बंदराचे काम हाती घेण्यात आले. लाटरोधक भिंती बांधल्यानंतर उपसागरातील आसरा वाढला. १९८० च्या दशकात प्लायवूडच्या होड्या व बाहेरून बसविण्याची यंत्रे आली आणि मच्छीमार अधिक दूर, कन्याकुमारीच्या दक्षिणेकडील समृद्ध 'वॅज बँक' पर्यंत जाऊ लागले. या क्षेत्रावरील भारताचे सार्वभौम अधिकार १९७६ च्या भारत-श्रीलंका कराराने मान्य झाले आहेत.

याचा अर्थ विळिंजमचे नैसर्गिक नौकाश्रय हे एका गावाची मालमत्ता नसून आसपासच्या संपूर्ण किनाऱ्याचे पावसाळी आश्रयस्थान आहे. पुढील विवेचनात ही बाब ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

संशोधनाची भूमी

केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेचे केंद्र विळिंजमला अनेक दशकांपासून कार्यरत आहे. शिंपल्यांची शेती, मोत्यांच्या शिंपल्यांचे संवर्धन व शोभिवंत समुद्री माशांची पैदास या विषयांवर तेथे काम झाले आहे.

लाटांपासून वीजनिर्मितीचा भारतातील पथदर्शी प्रयोगही येथेच झाला. मद्रासच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी १५० किलोवॉट क्षमतेचे संयंत्र लाटरोधक भिंतीलगत उभारले व ते १९९१ मध्ये कार्यान्वित झाले. त्याचे तत्त्व सोपे आहे. खालून उघड्या असलेल्या काँक्रीटच्या कक्षात लाट शिरली की आतील पाण्याची पातळी वाढते व वरची हवा दाबली जाऊन बाहेर पडते. लाट ओसरली की हवा आत ओढली जाते. या ये-जा करणाऱ्या हवेवर एकाच दिशेने फिरणारे टर्बाइन चालते. हे संयंत्र आता बंद झाले असले तरी अपारंपरिक ऊर्जेच्या इतिहासात त्याचे स्थान कायम आहे.

खोल पाण्याचे बंदर

एका महाकाय जहाजातून लहान जहाजांत, किंवा लहान जहाजांतून महाकाय जहाजात कंटेनर चढविण्याच्या व्यवस्थेस 'ट्रान्सशिपमेंट' म्हणतात. भारतीय बंदरांत पुरेशी खोली नसल्याने भारताच्या अशा मालापैकी सुमारे तीन चतुर्थांश माल कोलंबो, सिंगापूर, पोर्ट क्लांग यांसारख्या परकीय बंदरांत हाताळला जात असे. त्यात वेळ, पैसा व परकीय चलन खर्ची पडते. ही उणीव भरून काढणे हा विळिंजम प्रकल्पाचा प्रमुख उद्देश होय.

केरळ शासनाने विळिंजम इंटरनॅशनल सीपोर्ट लिमिटेड ही कंपनी स्थापन केली. जानेवारी २०१४ मध्ये पर्यावरणीय मंजुरी मिळाली. १७ ऑगस्ट २०१५ रोजी अदानी समूहाच्या कंपनीशी सार्वजनिक-खासगी भागीदारीचा करार झाला व डिसेंबर २०१५ मध्ये बांधकाम सुरू झाले. आर्थिकदृष्ट्या अपुरा परतावा देणाऱ्या परंतु लोकोपयोगी प्रकल्पांना शासन जे अर्थसाहाय्य देते त्यास व्यवहार्यता तफावत निधी म्हणतात. या प्रकल्पासाठी केंद्राने ८१७.८० कोटी रुपयांचा असा निधी मंजूर केला. कराराची मुदत ४० वर्षे ठेवण्यात आली. या मुदतीवर भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०१७ मधील अहवालात आक्षेप नोंदविले होते, हेही अभ्यासकाने नोंदवून ठेवावे.

येथे नैसर्गिक देणगीची मर्यादा स्पष्ट होते. महाकाय जहाजांना लागणारी खोली निसर्गाने दिली, परंतु ती खोली उपसागराच्या बाहेर, उघड्या समुद्रात आहे. तेथे आसरा नाही. तो निर्माण करण्यासाठी सुमारे ३ किलोमीटर लांबीची दगडी लाटरोधक भिंत समुद्रात घालावी लागली. चक्रीवादळ, दगडांचा तुटवडा व आंदोलने यांमुळे काम लांबले. अखेर ऑक्टोबर २०२३ मध्ये यारी घेऊन पहिले जहाज आले. ११ जुलै २०२४ रोजी 'सान फर्नांडो' हे पहिले मोठे कंटेनर जहाज धक्क्याला लागले. ३ डिसेंबर २०२४ पासून व्यापारी कामकाज सुरू झाले आणि २ मे २०२५ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते बंदराचे औपचारिक लोकार्पण झाले. पहिल्या टप्प्याची वार्षिक क्षमता २० फुटी १० लाख कंटेनर इतकी असून व्यापारी कामकाजाच्या पहिल्या वर्षाच्या आतच हा आकडा ओलांडला गेला. जगातील सर्वांत मोठ्या कंटेनर जहाजांपैकी एक असलेले 'एमएससी इरिना' जून २०२५ मध्ये येथे आले होते.

मच्छीमारांचे प्रश्न

प्रकल्पाचे राष्ट्रीय लाभ निर्विवाद आहेत. तथापि त्याची किंमत कोण मोजतो हा प्रश्न उरतो. तो चार भागांत विचारात घेता येईल.

१) किनाऱ्याची धूप : लाटा किनाऱ्याला तिरप्या येऊन आदळतात, त्यामुळे वाळू किनाऱ्याला समांतर सरकत राहते. ऋतूनुसार तिची दिशाही बदलते. एका ऋतूत वाहून गेलेली वाळू दुसऱ्या ऋतूत परत येते, म्हणून पुळण टिकून राहते. मध्ये भिंत आली की एका बाजूस वाळू साचते व दुसऱ्या बाजूस तिचा पुरवठा तुटतो. विळिंजमच्या उत्तरेकडील पून्तुरा, वलियतुरा, शंखुमुखम या भागांत धूप होऊन अनेक घरे समुद्रात गेली. बंदराच्या बांधकामामुळेच धूप वाढली असे मच्छीमारांचे म्हणणे आहे. या भागात बंदरापूर्वीही धूप होतच होती, चक्रीवादळे व वाढत्या लाटा ही तिची कारणे आहेत, असे प्रकल्पाच्या बाजूने सांगितले जाते. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने सप्टेंबर २०१६ मध्ये मंजुरी कायम ठेवतानाच किनारपट्टीतील बदलांवर तज्ज्ञ समितीमार्फत देखरेख ठेवण्याची अट घातली होती.

२) मासेमारीची जागा : भिंत व जहाजांचा मार्ग यांमुळे जवळच्या खडकांवरील गळाची मासेमारी, रापण व शिंपले काढणे यांवर मर्यादा आल्या. शासनाने बाधित गटांसाठी उपजीविका भरपाई दिली. परंतु भरपाई बहुधा मोजता येणाऱ्या साधनांची होते. पिढ्यान्‌पिढ्या जमविलेल्या खडकांच्या ज्ञानाची भरपाई करणे कठीण असते.

३) निवारा : धुपीमुळे बेघर झालेली कित्येक कुटुंबे वर्षानुवर्षे तिरुवनंतपुरममधील गोदामांत दाटीवाटीने राहत होती. १६ ऑगस्ट २०२२ रोजी लॅटिन कॅथलिक महाधर्मप्रांताच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या आंदोलनात पुनर्वसन व धुपीचा शास्त्रीय अभ्यास या प्रमुख मागण्या होत्या. नोव्हेंबरच्या अखेरीस त्यास हिंसक वळण लागले. शासनाशी चर्चा होऊन ६ डिसेंबर २०२२ रोजी ते मागे घेण्यात आले. तात्पुरत्या निवाऱ्यासाठी दरमहा ५,५०० रुपये घरभाडे देण्याचे शासनाने मान्य केले. काम थांबविण्याची मागणी मान्य झाली नाही.

४) सुरक्षितता : २९ व ३० नोव्हेंबर २०१७ रोजी आलेल्या 'ओखी' चक्रीवादळाने खोल समुद्रात गेलेल्या मच्छीमारांना वेळेत सूचना मिळत नाही हे विदारक सत्य समोर आणले. केरळमधील शंभराहून अधिक मच्छीमार मृत्युमुखी पडले अथवा बेपत्ता झाले. विळिंजम व पून्तुरा येथील घरांनाही त्याची झळ पोहोचली. त्यानंतर 'नाविक' उपग्रह प्रणालीवर आधारित इशारा यंत्रणेस चालना मिळाली. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट २०१८ च्या महापुरात, याच किनाऱ्यावरील मच्छीमारांनी आपल्या होड्या ट्रकवर चढवून पूरग्रस्त भागांत नेल्या व हजारो नागरिकांचे प्राण वाचविले. मे २०२५ मध्ये विळिंजमहून कोचीकडे निघालेले 'एमएससी एल्सा ३' हे कंटेनर जहाज बुडाले आणि त्यातील प्लॅस्टिकचे बारीक दाणे केरळच्या किनाऱ्यावर पसरले. जहाजांची वर्दळ वाढते तसा हा नवा धोकाही वाढतो.

या संदर्भात तिरुवनंतपुरम जिल्ह्यातीलच मुदलप्पोळी येथील मासेमारी बंदराची तुलना उद्बोधक ठरेल. तेथे खाजणाच्या मुखाशी भिंती बांधून कृत्रिम बंदर करण्यात आले. परंतु मुखाशी वाळू साचून लाटा उसळतात व होड्या उलटतात. आजवर अनेक मच्छीमारांचे तेथे बळी गेले आहेत. समुद्रात भिंत घालताना वाळूच्या वहनाचा अभ्यास किती आवश्यक आहे, हे यावरून दिसून येते.

घटनात्मक व कायदेशीर चौकट

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार महाबंदरे हा संघसूचीतील (नोंद २७), अन्य बंदरे हा समवर्ती सूचीतील (नोंद ३१) व मत्स्यव्यवसाय हा राज्यसूचीतील (नोंद २१) विषय आहे. प्रादेशिक जलक्षेत्रापलीकडील मासेमारी मात्र संघसूचीत (नोंद ५७) येते. प्रादेशिक जलक्षेत्र १२ सागरी मैलांपर्यंत व अनन्य आर्थिक क्षेत्र २०० सागरी मैलांपर्यंत असते. १९७६ च्या सागरी क्षेत्रविषयक अधिनियमात या हद्दी निश्चित केल्या आहेत. आंतरराष्ट्रीय दर्जाचे असूनही विळिंजम हे कायद्याच्या दृष्टीने 'महाबंदर' नसून राज्य शासनाच्या अखत्यारीतील बंदर आहे, हा मुद्दा परीक्षार्थींनी विशेष लक्षात घ्यावा. १९०८ च्या भारतीय बंदर अधिनियमाची जागा आता २०२५ च्या नव्या अधिनियमाने घेतली आहे, तर महाबंदरांना २०२१ चा महाबंदर प्राधिकरण अधिनियम लागू आहे.

किनाऱ्यावरील बांधकामांचे नियमन पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ अन्वये काढलेल्या सागरी किनारा नियमन क्षेत्राच्या अधिसूचनांद्वारे होते. अशी पहिली अधिसूचना १९९१ मध्ये, तर त्यानंतरच्या २०११ व २०१९ मध्ये निघाल्या. मत्स्यव्यवसायाच्या विकासासाठी २०२० मध्ये २०,०५० कोटी रुपयांच्या गुंतवणुकीची प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजना सुरू करण्यात आली.

महाराष्ट्राच्या दृष्टीने

विळिंजमचा अनुभव महाराष्ट्राला दूरचा नाही. पालघर जिल्ह्यातील डहाणू तालुक्यात वाढवण येथे किनाऱ्याजवळील सुमारे २० मीटर नैसर्गिक खोलीचा लाभ घेऊन ७६,२२० कोटी रुपये खर्चाचे महाबंदर उभारण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२४ मध्ये मंजुरी दिली व ३० ऑगस्ट २०२४ रोजी त्याची पायाभरणी झाली. तेथील मच्छीमारांनीही मासेमारीच्या क्षेत्राविषयी व उपजीविकेविषयी दीर्घकाळ विरोध नोंदविला आहे. दोन्ही ठिकाणी खोली निसर्गाची, आसरा मात्र बांधावयाचा, हे साम्य लक्षणीय आहे.

समारोप

विळिंजमच्या निसर्गाने दोन वेगळ्या देणग्या दिल्या. खडकांच्या कुशीतील आसरा लहान होड्यांच्या उपयोगी पडला, तर बाहेरची खोली मोठ्या जहाजांच्या. पहिली देणगी शतकानुशतके वापरणाऱ्या समाजाकडे कागदोपत्री हक्क नव्हता. दुसरी देणगी वापरणाऱ्यांकडे करार, नकाशे व भांडवल होते. विकासाचा खरा प्रश्न या असमतोलातून निर्माण होतो. बंदर हवे की मच्छीमार हवेत, अशी मांडणी करणे म्हणूनच अपुरे आहे. धुपीची मोजणी सातत्याने व्हावी, तिचे निष्कर्ष मच्छीमारांना त्यांच्या भाषेत उपलब्ध व्हावेत, पुनर्वसन बांधकामाच्या आधी व्हावे, बंदरातील रोजगारासाठी स्थानिक तरुण-तरुणींना प्रशिक्षण मिळावे आणि पावसाळी मासेमारीचे आश्रयस्थान अबाधित राहावे, या किमान अपेक्षा होत. समुद्र हा ज्या गावाचा कधी काळी खंदक होता, त्याच गावाच्या घरांवर तो चालून येऊ नये, याची काळजी घेणे हे नियोजनाचे काम आहे.

अभ्यासासाठी प्रश्न

१) नैसर्गिक व कृत्रिम नौकाश्रय यांतील फरक भारतातील उदाहरणांसह स्पष्ट करा.
२) ट्रान्सशिपमेंट म्हणजे काय? विळिंजमचे स्थान त्यासाठी अनुकूल का आहे?
३) किनाऱ्याला समांतर होणारे वाळूचे वहन व लाटरोधक भिंती यांचा परस्परसंबंध सांगा.
४) बंदरे व मत्स्यव्यवसाय यांविषयी केंद्र व राज्य यांच्यातील अधिकारविभागणी नोंदींसह लिहा.
५) 'बंदरविकासात मच्छीमारांना भरपाईचे लाभार्थी न मानता भागीदार मानले पाहिजे.' विळिंजम व वाढवण यांच्या संदर्भात चर्चा करा.